लुगड्याचं बारदान

बावीस वर्षं मी पिरंगुटच्या एका रंगाच्या कारखान्यात वजनकाट्यापाशी उभा होतो. भरलेलं पिंप काट्यावर चढवायचं, आकडा वाचायचा, त्यातून रिकाम्या पिंपाचं वजन वजा करायचं आणि उरेल ते लिहायचं. कारखान्यात त्या रिकाम्या वजनाला ‘टेअर’ म्हणत. आमच्या गावाकडं, भात विकताना पोत्याचं वजन कापतात, त्याला बारदान म्हणतात. एवढ्याशा वजाबाकीवर माझं लग्न झालं, दोन पोरं शिकली आणि घराला स्लॅब झाला. मग कारखानाच दुसरीकडं गेला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कळलं, की जगाला माझ्या वजाबाकीची फारशी गरज नाही.

पिरंगुटच्याच बाजारात, औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर तेव्हा नुकतंच डायलिसिसचं केंद्र निघालं होतं. सहा खाटा, सहा यंत्रं, खाली ‘मदतनीस पाहिजे’ अशी पाटी. तिथल्या मुख्य सिस्टर मराठवाड्याकडच्या, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण बोलणं असं की पहिल्याच वाक्याला मी खुर्चीत सावरून बसलो.

“आधी काय करत होतात?”

“वजनं करत होतो.”

“मग चांगलंच आहे, काका. इथलं अर्धं काम वजनाचंच आहे.”

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती.

पहिला आठवडा त्यांनी मला यंत्राला हातही लावू दिला नाही. (अजूनही देत नाहीत, पण आता मला त्याचं वाईट वाटत नाही.) त्या समजावून सांगायच्या आणि मी मुलीच्या कॉलेजातल्या अर्ध्या कोऱ्या वहीत लिहून घ्यायचो. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं. ते इथं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्रावर काढायचं. पण किती काढायचं हे यंत्राला कळत नाही. ते आपण सांगायचं. जास्तीचं पाणी अंगात नसताना माणसाचं जे वजन भरतं ते त्याचं कोरडं वजन, आणि ते डॉक्टर ठरवतात. माणूस दारातून आला की त्याला काट्यावर घ्यायचं, त्यातून कोरडं वजन वजा करायचं. जे उरतं ते पाणी.

“काका, हे नीट ऐका,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही दीड किलो जास्त लिहिलंत, तर मी यंत्राला दीड किलो जास्त काढायला सांगणार. ते पाणी अंगात नसेलच तर यंत्र कुठून आणणार? रक्तातून. मग प्रेशर पडतं, पायात पेटके येतात, माणूस बेशुद्ध होतो. म्हणून चप्पल, शाल, पिशवी, मोबाइल सगळं खाली. आणि कपडे दरवेळी तसेच. लक्षात राहील?”

“सिस्टर, बावीस वर्षं...”

“बावीस वर्षं पिंपं होती. पिंपं जांभया देत नाहीत.”

हा जांभयांचाही एक धडा होता. यंत्रावर असलेल्या माणसाला उगाच जांभया यायला लागल्या, कपाळावर घाम आला, तर ती झोप नव्हे. प्रेशर उतरायला लागल्याची ती खूण असू शकते. तेव्हा विचार करत बसायचं नाही, हाक मारायची. मी वहीत लिहिलं: ‘जांभई = सिस्टर.’ बायकोनं ते वाचलं आणि म्हणाली, “त्यांना दाखवू नका हं ही वही. काय समजतील!”

हाताचा धडा वेगळा. यंत्राच्या सुया लावण्यासाठी नस जोडून तयार केलेल्या हातावर प्रेशर मोजायचं नाही, तपासणीला त्यातून रक्त काढायचं नाही, त्यावर घट्ट बांगडी-घड्याळ काही नको आणि त्या हाताची उशी करून झोपायचं नाही. रोज बोट ठेवून बघायचं, आत थरथर लागते का. थरथर आहे तोवर रस्ता चालू आहे. थांबली तर ताबडतोब सांगायचं. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

महिन्याभरात मी एवढा शहाणा झालो की घरात कुणी दुसऱ्यांदा पाण्याला उठलं तरी मी त्याच्याकडं बघायचो. भावकीत कुणी आजारी पडलं आणि कुणी शहाळं घेऊन निघालं, तर रस्त्यात अडवून विचारायचो, “किडनीचा नाही ना पेशंट? शहाळं चालत नाही त्यांना, क्षार वाढतात.” बिचारा पाय मोडलेल्या मेव्हण्याकडं चाललेला असायचा.

अशात माझी चुलतीच आमच्या केंद्रात आली. आधी ती पुण्याला जायची. बावधनपर्यंत जीप, पुढं रिक्षा, आणि परत येताना अंगात जीव नसायचा. पिरंगुट तिला अर्ध्या वाटेवर पडलं. पौडच्या पुढं आमचं गाव. तिथून सिटी बसनं ती एकटी यायची, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारच्या पाळीला. वय सत्तरीकडं झुकलेलं, वजन त्रेचाळीस किलो, कोरडं. आयुष्यभर नऊवारी नेसलेली. सिस्टरांनी पहिल्या दिवशी गाऊन पुढं केला तेव्हा ती म्हणाली, “हे नेसून मी माज्या पुतण्याम्होरं बसू व्हय?” सिस्टर हरल्या. मग ठरलं, की तिनं दरवेळी तेच रोजचं पातळ लुगडं नेसून यायचं.

हातातल्या थरथरीला ती चक्की म्हणायची. आल्या आल्या डावा हात पुढं करायची. “बघ रं, चक्की चालू हाय का?” मी बोट ठेवायचो. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर लागतं तसं लागायचं. “चालू आहे, काकी.” “मग घाल दळण.”

पाण्याच्या बाबतीत तर तिच्यासारखी ती एकटीच. डॉक्टरांनी चहा धरून दिवसाला पाच फुलपात्रं सांगितली होती. पण हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. म्हणजे आकडा माहीत होता, ती तो कसा पाळते हे माहीत नव्हतं.

त्या गुरुवारी तिच्या नातीचा साखरपुडा होता. सकाळी पौडला, कार्यालयात. मला सुट्टी नव्हती, म्हणून बायको गेली. दुपारी दोनला चुलती जिना चढून आली ती थेट कार्यालयातून. मी तिला ओळखलं नाही. जरीचं हिरवं लुगडं, नाकात नथ, वर कुणीतरी मानाची पांघरलेली लोकरी शाल. चालही जरा वेगळी, पोटाशी दोन्ही हात धरून.

“काकी, आज नवरी तूच दिसतेस.”

“गप. घे वजन. पाय दुखत्यात.”

तिनं चपला काढल्या, पिशवी मी घेतली, मोबाइल तिच्याकडं नव्हताच. आता शाल. माझी वही सांगत होती शाल खाली. पण माझी जीभ काही केल्या वळेना. चुलतीला, मानाची शाल पांघरून आलेल्या बाईला, पुतण्यानं म्हणायचं कसं, “शाल उतर”? आणि लुगड्याबद्दल तर तोंडातून शब्दच निघाला नसता. सिस्टर पलीकडं एकाला सुया लावत होत्या. त्यांना हाक मारली असती तर त्यांनी दोन मिनिटांत केलं असतं. मी मारली नाही. मला वाटलं, शाल ती केवढी.

काट्यावर आकडा आला सेहेचाळीस किलो सहाशे. म्हणजे साडेतीन किलोवर पाणी. एरवी ती दीड-पावणेदोन आणायची. मी पुन्हा चढवली. पुन्हा तेच. चूक दोनदा सारखीच आली की माणसाला खात्री वाटते.

“सिस्टर, साडेतीन पुढं!” मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की पाचही खाटांवरची माणसं वळली.

सिस्टर आल्या. त्यांनी तिच्या पायांवर अंगठा दाबून बघितला, सूज फारशी नव्हती. दम लागतोय का विचारलं. नाही. “आजी, पाणी जास्त झालं का? साखरपुड्यात सरबत वगैरे?”

“न्हाई वो. घोटबी जास्ती न्हाई.”

आणि मी, काट्याचा मालक, बाजूला उभा राहून म्हणालो, “सगळे असंच म्हणतात, सिस्टर. काटा खोटं बोलत नाही.”

खाट नंबर तीनवरचे गृहस्थ हसले. चार नंबरची बाईही हसली. त्यांचीही पाण्याची भांडणं असायची, त्यामुळं दुसरं कुणी सापडलं की त्यांना बरं वाटायचं. चुलती हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खाटेवर जाऊन पडली. डावा हात पुढं केला, पण सिस्टरांकडं. चक्कीबद्दल मला विचारलं नाही.

“पटत नाहीये मला,” सिस्टर मला म्हणाल्या. “वजन नीट घेतलंत ना?”

“दोनदा.”

“बरं. तरी पूर्ण नको. आज अडीचच काढू.” त्यांच्या त्या ‘पटत नाहीये’मुळं पुढचं थोडक्यात निभावलं. माझ्यामुळं नाही.

तिसऱ्या तासाला चुलतीनं जांभई दिली. मला वाटलं, पहाटेपासून उठलीय. दुसरी जांभई. तेव्हा मला माझंच अक्षर आठवलं, ‘जांभई = सिस्टर’, आणि मी तिच्या कपाळाकडं बघितलं. घामाचे थेंब. “सिस्टर!” मी ओरडलो. तेवढ्यात तिच्या पोटरीत पेटका आला आणि ती “आई गं” म्हणून उठायला बघू लागली. सिस्टर धावत आल्या. यंत्राचं पाणी ओढणं थांबवलं, खाटेचं डोकं खाली घेतलं, सलाईन सोडलं. “काका, पाय वर धरा! टाच धरा, पंजा गुडघ्याकडं दाबा. हळू.”

मी चादर बाजूला केली, पाय वर उचलले. आणि चुलतीच्या पोटावरून, शालीच्या आतून, एक नारळ निसटला. खाटेवरून टप्पकन फरशीवर पडला आणि गडगडत गडगडत गेला तो थेट माझ्या वजनकाट्याच्या पायापाशी जाऊन थांबला. मागोमाग तांदूळ सांडले. खण खाली आला.

साखरपुड्यात तिची ओटी भरली होती. भरली ओटी वाटेत सोडायची नसते, घरी देवापुढंच सोडायची. म्हणून बिचारी नारळ-तांदूळ ओच्यात बांधून काट्यावर चढली होती, आणि तीन तास ते पोटाशी धरून पडली होती.

कुणीही हसलं नाही. तीन नंबरचे गृहस्थसुद्धा.

दहा-पंधरा मिनिटांत प्रेशर वर आलं, चेहऱ्यावर रंग आला. सिस्टरांनी मला काट्यापाशी नेलं. नारळ अजून तिथंच होता. “उचला,” त्या म्हणाल्या. “ठेवा त्याच्यावर.” नारळ, तांदूळ, खण मिळून सातशे ग्रॅम. शाल चारशे. लुगडं तर अंगावरच होतं. एवढे आकडे चार्टवर लिहून त्या काकीच्या खाटेकडं गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चुलतीला न्यायला तिचा मुलगा गाडी घेऊन आला. जिन्यावर ती त्याला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेतानं, “शनवारी न्हाई यायची मी. हितंबी न्हाई, पुण्यालाबी न्हाई.”

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तेवढं हसू तिला आलं नाही. “आख्खा वेळ कार्यालयात बसल्या होत्या,” ती म्हणाली. “तीन बायकांनी सरबत पुढं केलं. हात जोडून नको म्हणाल्या. मी समोर होते.” मग म्हणाली, “तुमच्या वहीत हे कुठं बसतं?”

वहीत ते कुठंच नव्हतं. वहीत होतं, की एक पाळी चुकली तरी पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, आणि ते हृदयावर येऊ शकतं. शनिवार चुकला तर पुढचा दिवस मंगळवार. म्हणजे गुरुवारपासून पाच दिवस. माझा काटा, माझा आकडा, आणि जीव तिचा. तिला शनिवारी जिना चढवायचाच, हे मी तिथल्या तिथं ठरवलं. कसं, ते ठरलं नव्हतं.

शुक्रवारी सिस्टरांकडून अर्धा दिवस मागून घेतला आणि गावाकडची बस धरली. पौडपर्यंत मनात भाषण तयार करत गेलो. सगळं शास्त्रीय होतं. कोरडं वजन, पोटॅशियम, फुप्फुसात पाणी. पौडच्या पुढं ते पाठ झालं.

चुलते बाहेरच्या ओट्यावर बसले होते. मला बघताच म्हणाले, “या, काटेवाले. आज कुणाला तोलायचं? म्हस बांदलीय मागं.”

“काका, काकी कुठंय?”

“हाय आत. बोलत न्हाई. मला वाटलं, माज्यावरच रागावलीय. पन्नास वरसांची सवय.”

ती चुलीपाशी नव्हती, गॅसपाशीही नव्हती. देवघराच्या कोनाड्यासमोर पाट टाकून बसली होती. तो नारळ देवापुढं होता. मी भाषण सुरू केलं. कोरडं वजन झालं, पोटॅशियम झालं, फुप्फुसाशी आलो तेव्हा तिनं हात वर केला.

“ते सगळं मला डागदरनं सांगितलंय. तू नगो शिकवू.”

“मग येशील ना उद्या?”

तिनं हात पुढं केला. मी बोट ठेवलं. चालू होती, खणखणीत.

“चक्की चालू हाय,” ती म्हणाली. “पर मला दळायला यायचं न्हाई.”

“काकी, चूक झाली. शाल काढ म्हणायला मला लाज वाटली.”

“चूक व्हती व्हय. माणसाच्या हातनं व्हती. माजंबी चुकलं, मी नारळ सांगितला न्हाई. मला काय ठावं, त्याचं पानी धरत्यात म्हून!” हे म्हणताना तिला थोडं हसू आलं, ते तिनं लगेच गिळलं. मग तिनं कोनाड्यातल्या दोन वाट्या खाली घेतल्या. दोन्हींत चिंचोके. “हे बघ. सकाळी ह्या वाटीत पाच घालते. एक फुलपात्र प्याले की एक चिंचोका त्या वाटीत. पाच सरले की सरलं. कालच्या दिवसाचे दोन उरले. येवढं कार्य असून दोन उरले. तान लागली तर चूळ भरून थुकले. आन् तू धा माणसांत म्हणलास, सगळे असंच म्हणत्यात.”

माझ्या वहीत ‘पाणी मोजून’ एवढंच लिहिलेलं होतं. मोजतात कसं, हे मी कुणाला विचारलंही नव्हतं.

बाहेरून चुलत्यांचा आवाज आला. “त्याला इचार की, बारदान कापलं का म्हून!”

चुलती माझ्याकडं बघत म्हणाली, “व्हय रं. भात इकायला न्हेलं की तुजा चुलता येपाऱ्याशी भांडायचा. पोतं किलोचं, आन् येपारी कापायचा दोन. आमी अडानी, तरी बारदान बराबर कापल्याबिगर पोतं सोडलं न्हाई. तू कारखान्यात तेच करत व्हतास म्हनं. मग माजं का न्हाई कापलं?”

बावीस वर्षं. हजारो पिंपं. रिकाम्या पिंपाचं वजन वजा केल्याशिवाय मी एकही पावती लिहिली नसेल. आणि माणूस काट्यावर चढलं तेव्हा मी जरीच्या लुगड्यासकट, शालीसकट, नारळासकट सगळंच पाणी म्हणून लिहिलं. मला कारखान्यातून कमी केलं त्या दिवशी मी जेवढा खाली बसलो नव्हतो, तेवढा तिथं तिच्या पाटाशेजारी बसलो.

“मग आता काय करू, सांग.”

“जितं म्हणलास तितं म्हन. त्याच मान्सांम्होरं. हितं देवापुढं सांगून काय उपेग? द्येव हसला न्हवता.”

“म्हणतो. येशील?”

“बघीन.”

परतताना बायकोला फोन केला. ती म्हणाली, “बघीन म्हणाल्या ना? मग त्या येतील. तुम्ही तयारी करा.” तयारी म्हणजे काय हे तिनं सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत मी एक शिकलोय, असं काही विचारलं की ते उत्तर आपल्यालाच शोधावं लागतं.

केंद्रावर येऊन मी सिस्टरांशी बोललो. आमच्याकडं पडदा होता, पण तो कपाटामागं गुंडाळून ठेवलेला. तो काढला, धुतला, काट्याभोवती लावला. म्हणजे शाल, स्वेटर, ओटी काय असेल ते आडोशाला काढून ठेवता येईल, आणि बाई असेल तर वजनाला सिस्टर जातील, मी नाही. सिस्टरांनी चार्टवर एक नवा रकाना आखला. “याला काय लिहू? कपडे?”

“बारदान लिहा,” मी म्हणालो.

“आमच्याकडंही बारदानच म्हणतात,” त्या म्हणाल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याशी हसून बोलल्या.

शनिवारी दोन वाजले. सव्वादोन. तीन नंबरचे गृहस्थ यंत्राला लागले होते, चार नंबरची बाई लागली होती. काकीची दोन नंबरची खाट रिकामी. मी खिडकीतून बसथांब्याकडं बघत होतो. एक बस गेली. दुसरी गेली. सिस्टर म्हणाल्या, “अडीचपर्यंत थांबू, मग फोन करा.” मी म्हणालो, “फोन नाही करणार, गाडी घेऊन जाणार.” आणि खरंच खालच्या औषध दुकानदाराची मोटारसायकल मागून ठेवली होती. हेल्मेटसकट.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी जिन्यावर चपला वाजल्या. चुलती. रोजचं पातळ लुगडं. काखेत एक मोठं गाठोडं. दारातच उभी राहिली. आत येईना.

मी काट्यापासून खोलीच्या मधोमध आलो. “जरा ऐका,” मी म्हणालो. सगळी डोकी वळली. “गुरुवारी मी इथं म्हणालो, की काकी पाण्याबद्दल खोटं बोलते. ती खरं बोलत होती. वजन मी चुकीचं घेतलं. तिनं सगळ्या दिवसात तीनच फुलपात्रं पाणी घेतलं होतं.”

तीन नंबरचे गृहस्थ म्हणाले, “तीन? कार्यात? मला तर मठ्ठाच दोन ग्लास होतो.” सिस्टरांनी त्यांच्याकडं असं काही बघितलं, की त्यांनी ते पुढं वाढवलं नाही.

चुलती आत आली. गाठोडं काट्याशेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि सोडलं. आत लुगडी. नेहमीची तीन, सणाची दोन, आणि ते हिरवं जरीचं.

“हे काय?”

“बारदान,” ती म्हणाली. “एकदाच सगळी तोल आन् लिहून ठिव. म्हंजी कधीबी कुठलंबी नेसून आले तरी तुला आडायला नगो.”

मी तिची सहा लुगडी एकेक करून तोलली. भंगारवाल्यासारखा दिसत असेन, पण कारखान्यात जशी मन लावून पिंपं तोलली तशीच मन लावून. रोजची सव्वापाचशे ते साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. सणाची नऊशे. हिरवं, जरीचं, सव्वा किलो. प्रत्येकाच्या पदराच्या टोकाला सिस्टरांनी रंगीत दोऱ्याची एक गाठ मारली आणि वहीत रंगापुढं वजन लिहिलं. कोरडं वजन ठरवलं तेव्हा तिच्या अंगावर रोजचंच लुगडं होतं, तेव्हा आता कुठलंही नेसलं तरी वजा करायचं ते रोजच्यापेक्षा जितकं जड असेल तितकंच. ही वजाबाकी मला कुणी शिकवावी लागली नाही. एवढ्यापुरता तरी कारखाना उपयोगी पडला.

मग पडद्याआड सिस्टर तिला घेऊन गेल्या. मी बाहेर वही धरून उभा.

“चव्वेचाळीस सहाशे,” आतून सिस्टरांचा आवाज. “एक किलो सहाशे पुढं. बरोबर आहे, आजी. चिंचोक्यांनी जमवलंत.”

“मग?” आतून चुलतीचा आवाज. “मी काय खोटं बोलते व्हय?”

ती खाटेवर पडली. डावा हात माझ्याकडं केला. मी बोट ठेवलं. सिस्टरांनी सुया लावल्या, मी दर अर्ध्या तासाला उजव्या हातावर प्रेशर घेऊन वहीत लिहीत राहिलो. चार तासांत एकही जांभई नाही. मी तिच्या तोंडाकडं इतकं बघत होतो, की शेवटी ती म्हणाली, “डोळं फुटतील तुजं. जा, दुसऱ्याचं बघ.”

तिचं संपत आलं तेव्हा जिन्यावरून एक नवी बाई वर आली, नवऱ्याला घेऊन. पहिलाच दिवस. घाबरलेली. नवरा काट्यावर चढायला निघाला, अंगात जाड जॅकेट, खांद्याला पिशवी. मी तोंड उघडायच्या आत दोन नंबरवरून आवाज आला.

“बाई, पिशवी खाली ठिव. त्याचं जाकीट काढ. खिशात काय असंल ते काढ.” आणि मग माझ्याकडं बोट करून, “ह्याच्या भरवशावर ऱ्हाऊ नगो. ह्यो माजा पुतण्या हाय, मला म्हाईत हाय.”